पऱ्हाटीतली तालीम

दिवाळी सरली आणि कारंज्याच्या रस्त्यावरच्या बाभळी पांढऱ्या दिसू लागल्या की मला घरात बसवत नाही. कापूस भरलेली वाहनं जातात-येतात आणि बाभळीच्या काट्यांत पुंजके अडकून राहतात. पूर्वी बैलगाड्या असायच्या, आता छोटे टेम्पो असतात, पण बाभळीची खोड तीच. जाणाऱ्याच्या मालातून मूठभर काढून घेतल्याशिवाय ती कोणाला पुढे जाऊ देत नाही. सोयाबीनने आमच्याकडची निम्मीअधिक पऱ्हाटी खाल्ली. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. वऱ्हाडात जन्म काढलेल्या माणसाच्या तोंडी दुसरा शब्द येत नाही. तरी रस्त्याकडेला कुठे पऱ्हाटीचे चार तास, म्हणजे चार ओळी, उरलेले दिसले की मी रिक्षा थांबवते, खाली उतरते आणि एक बोंड तोडून नाकाशी धरते. रिक्षावाले एकमेकांकडे बघतात. म्हातारी चळली असं त्यांना वाटत असणार. वाटू दे.

परवा फोन वाजला. पलीकडून विचारणा, "वयनी, फुटला का वो कापूस?"

"फुटला," मी म्हटलं.

"मंग येते मी. चार दिवस राह्यते. अंबाडीची भाजी करून ठेवजा."

ही माझी नणंद, इंदू. सत्तरी कधीच ओलांडली, गुडघे दुखतात, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. पण कापूस फुटला का हे ती दर वर्षी विचारते आणि मी दर वर्षी तितक्याच गंभीरपणे उत्तर देते. आवाज आता जाड झाला आहे. तरी 'वयनी' म्हणते ते अजूनही बरोबर सुरात असतं, आणि फोन ठेवल्यावर मी बराच वेळ उगाच ताठ बसून राहते.

ज्यांनी आमच्या भागात तेव्हाची तंबूतली संगीत नाटकं पाहिली त्यांना इंदूबाई कोण हे सांगावं लागत नाही. मूर्तिजापूर, दिग्रस, पुसद, पोहरादेवीची यात्रा, जिथे माणसं जमायची तिथे तिच्या कंपनीचा तंबू लागायचा. अठरा वर्षं ती त्या कंपनीची नायिका होती. राणी झाली, गवळण झाली, नवऱ्याने हाकललेली घरंदाज सून झाली, आणि प्रत्येक वेळी गायली. तंबूबाहेरच्या बोर्डावर रंगवलेलं असायचं, 'इंदूबाई'. नुसतं तेवढंच. कंपनीच्या मालकांनी आडनाव विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "आडनाव वाचलं का लोकं पयले जात पायतात, मंग गानं आयकतात. मले उलटं पाहिजे." तिचं हे बोलणं मी पुढे बालवाडीत शिकवायला लागल्यावर कितीतरी बायकांना ऐकवलं आहे. ऐकवताना माझी मान वर होते. ती होऊ नये असं मला मुळीच वाटत नाही.

पण मला आठवतो तो तंबू नव्हे. मला आठवतो तो बहात्तरच्या दुष्काळानंतरचा हंगाम.

मी केनवडची. लग्न होऊन या गावात आले तेव्हा आम्ही सगळे अकोला जिल्ह्यातले होतो. वाशीम जिल्हा पुष्कळ नंतर झाला. मॅट्रिकपर्यंत शिकलेली सून म्हणून सासूबाई चार जणींत मिरवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कमरेला कापसासाठी ओटी बांधून वेचायला पाठवायच्या. त्यात कोणाला काही विसंगत वाटत नव्हतं, मलाही नाही. आमची तीन एकर कोरडवाहू, त्यामुळे आपलं वेचून झालं की दुसऱ्यांकडे जायचं. इंदू माझ्याहून वर्षभराने लहान. तिनेच मला वेचायला शिकवलं. बोंडाची टोकं वाळल्यावर टाचणीसारखी होतात. बोटं सरळ घातली की रक्त. तीन बोटं वरून घालायची, जरा पीळ द्यायचा, पाकळीन् पाकळी एका ओढीत बाहेर आली पाहिजे. पहिल्या आठ दिवसांत माझ्या नखांच्या कडा सुजल्या. इंदू हळद-तेल लावायची आणि हसायची. "मॅट्रिकच्या परीक्षेत हे विचारत नाईत वाटते."

त्या सकाळी अजून अंगावर येतात. दव सुकल्याशिवाय वेचणी नाही, ओला कापूस काळा पडतो. म्हणून आम्ही बांधावर उन्हाची वाट बघत उकिडव्या बसायचो, हात काखेत घालून. तुरीच्या शेंगा भरत आलेल्या असायच्या. ऊन आलं की आधी पऱ्हाटीच्या शेंड्यावरचा कापूस उजळायचा, मग खालचा, मग बायका उठायच्या. प्रत्येकीची पात ठरलेली. दोन तास तिच्या डावीकडे, दोन उजवीकडे. पाठी वाकल्या की गाणं सुरू. काम लवकर उरकतं म्हणून मालकही गाऊ देत, आणि दिलं नसतं तरी बायका गायल्या असत्याच.

आम्ही ज्यांच्याकडे सर्वांत जास्त वेचलं ते सोनाजीबुवा. गावातले मोठे शेतकरी, आणि गावच्या नाटक मंडळीची नायिका.

हे वाक्य मी चुकून लिहिलेलं नाही. गावात दर वर्षी कापूस घरी आला की एक संगीत नाटक व्हायचं. नाटकही एकच, राणीचं. राजा परस्त्रीच्या नादी लागतो, राणीला महालातून काढतो, शेवटी पश्चात्ताप वगैरे. राणीचं काम वीस वर्षं सोनाजीबुवांनी केलं. त्यासाठी वीस वर्षं त्यांनी मिशी ठेवली नाही. वऱ्हाडातल्या जमीनदार माणसाने मिशी न ठेवणं म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगून समजायचं नाही. ते लुगडं नेसून उभे राहिले की बायकासुद्धा पदर सारखे करायच्या. त्यांची बायको सरळ सांगायची, "डोक्शावर घागर घेऊन कसं चालावं, हे मी त्याईच्यापासून शिकली."

दुष्काळाच्या सालात नाटक झालं नाही. पुढच्या वर्षी पीक बरं आलं, तोवर बुवांची कंबर धरली होती. गावातल्या तरुण पोरांना विचारलं. त्यांनी केस मानेपर्यंत वाढवले होते, पण मिशी काढून लुगडं नेसायला एकही तयार होईना. तेव्हा बुवांनी त्यांच्या शेतात वेचताना गाणारी इंदू निवडली. गावात कुजबुज झाली. बाईने नाचायचं? आणि तीही आमच्या वस्तीतल्या, बौद्धवाड्यातल्या बाईने राणी व्हायचं? बुवा पारावर गेले आणि म्हणाले, "राणी गळ्यानं होते. ज्याच्या घरात तसा गळा असंन त्यानं उद्या घेऊन या, मी त्याले शिकवतो." कोणी आलं नाही. आमच्या घरी सासूबाई तीन दिवस गप्प होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी इंदूच्या भाकरीवर तेलाची धार जरा जास्त धरली. म्हणजे होकार.

तालमीला वेळ कुठला? हंगामात मजुरी बुडवून कोण तालीम करणार? मग बुवांनी तोड काढली. ते इंदूच्या मागे मागे पऱ्हाटीच्या तासातून चालायचे, कंबरेवर हात ठेवून, आणि ती वेचता वेचता शिकायची. एका तासाला एक पद. तास संपला की पद पाठ झालेलं पाहिजे, नाही तर त्याच तासाने रिकामं परत. पेटी शेतात नव्हती, तर बुवा पेटीही तोंडानेच वाजवायचे, नाकातून. शेजारच्या पातीतल्या आम्ही बायका ओठ दाबून हसायचो. पण आठ दिवसांत सगळ्या पातींना सगळी पदं पाठ झाली. मला आजही झोपेतून उठवून विचारा.

आणि राणीचं वनातलं पद. 'सांग सये कुणी नेला, माझ्या दारीचा उजेड.' नाटकाचा जीव त्यात होता. पहिली ओळ खालच्या अंगाने, रडवेली. दुसऱ्यांदा म्हणताना चढत चढत जायचं, आणि 'उजेड' या शब्दावर राणी काय करायची, तर पाठ फिरवायची. प्रेक्षकांकडे पाठ, मान जराशी खाली, उजव्या हाताने पदर खांद्यावर ओढून घेणं. तेवढ्यात पेटी एकटीच वर जायची, अगदी उजव्या अंगाच्या पट्ट्यांवर, थरथरून खाली यायची, आणि मग राणी पुन्हा वळून पुढचं गायची. त्या पाठ फिरवण्यावर गाव जीव टाकत होतं. बायका तिथेच डोळ्यांना पदर लावायच्या. राणीला दुःख एवढं झालं की शब्द फुटेना, असा सगळ्यांनी अर्थ लावला होता. गावातली कोणतीही मुलगी ते गाणं म्हणताना, जात्यावर असो की नदीवर, 'माझ्या दारीचा' म्हणून पाठ फिरवायची, पदर ओढायची आणि नाकातून पेटी वाजवायची. मी नवी होते. मला वाटलं, गाण्याची रीतच असेल तशी.

बुवा इंदूला तसंच शिकवत. "आता फिर," म्हणत. ती ओटीतला कापूस सांभाळत वळायची, पदर ओढायची, बुवा नाकातून वर जायचे, आणि वर जाताना त्यांचं नाकही बिचारं फाटायचं.

एक दिवस बुवा सरकी आणायला कारंज्याला गेले. आम्ही वेचत होतो. इंदूची ओटी भरून पोटापुढे आली होती, दोन्ही हात बोंडांत. ती आपल्याच नादात वनातलं पद म्हणत होती. 'माझ्या दारीचा' म्हणाली. पाठ फिरवायला सवड नव्हती, पदर ओढायला हात मोकळा नव्हता, आणि नाकाने पेटी वाजवायची तिला आठवण राहिली नाही. तिने 'उजेड' गायला.

काय झालं ते मी कसं सांगू? आवाज वर गेला आणि तिथे थांबला. जोर नाही, ताण नाही, घरात जिना चढून जावं तसा सहज गेला. आम्ही अकरा बायका वेचत होतो. अकराही जणी कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. इंदूला पत्ताच नाही. ती खाली येऊन पुढची ओळ म्हणत होती आणि बोंडं ओढत होती. मग सगळं शांत झालेलं पाहून तिने मान वर केली. "काहून वो? साप दिसला काय?"

 मला एक गोष्ट कळेना. गाणं जर असं जातं, तर वीस वर्षं राणी पाठ कशाला फिरवत होती?

बाजाराच्या दिवशी वेचणी बंद असते. त्या दुपारी शाळेच्या ओसरीवर पेटीवरची पहिली तालीम झाली. पेटी वाजवायचे ते गावचे शिंपी. त्यांना सगळे पेटीमास्तर म्हणत. तालीम संपून सगळे पांगल्यावर मी त्यांना गाठलं. नव्या सुनेने परक्या माणसाला असं विचारू नये हे मला माहीत होतं. पण माझ्या स्वभावाला औषध नाही, आमचे हे अजूनही तसं म्हणतात.

"मास्तर, 'उजेड' राणीनं गायचा असते का पेटीनं?"

मास्तरांनी भाता बंद केला. इकडे-तिकडे पाहिलं. "तुले कोनं सांगतलं?"

"कोनी नाही. इंदूनं काल गायला तो. वावरात."

ते बराच वेळ पेटीवरची धूळ पुसत राहिले. धूळ नव्हतीच. मग हळूच म्हणाले, "चाल मीच बसवली होती, पोरी. तो सूर राणीचाच हाये. पन पयल्या तालमीतच बुवाचा गळा तिथं पोचेना. मानूस इतका झुरला का जेवन सोडलं. मंग मीच म्हनलं, तुमी पाठ फिरवा, मी पेटीवर घेतो, कोनाले समजत नाही. कोनाले समजलं नाही. बुवाले माहीत, मले माहीत." आणि मग म्हणाले, "इंदूचा गळा पोचते?"

"बसून येते तिथं," मी म्हटलं.

मास्तरांचे डोळे भरले. त्यांनीच मग दुसरी गोष्ट सांगितली. कारंज्याला एक फिरती नाटक कंपनी तंबू टाकून होती. तिचे पडदे मास्तर शिवत. कंपनीच्या मालकांना गाणारी बाई हवी होती, आणि मास्तरांच्या शब्दावर ते आमच्या गावचं नाटक बघायला येणार होते. "आता त्याईनं येऊन आयकाचं काय?" मास्तर म्हणाले. "माही पेटी?"

दुसऱ्या दिवशी पळसाखाली भाकरी खाताना मी इंदूला सगळं सांगितलं. मला वाटलं, हुरळून जाईल. तिने भाकरी फडक्यात परत गुंडाळली.

"मी नाही गात वयनी तो सूर."

"वेडी हायेस का तू? आयुष्याचा प्रश्न हाये तुह्या!"

"अन् बुवाच्या आयुष्याचा? उद्या मी तिथं गायली का सारं गाव म्हनंन, असं हाये तर! बुवाले येतच नोतं. वीस वर्सं फसवलं. ज्यानं मले राणी केलं त्याचंच नाक कापू? त्याईनं पारावर उभं राहून माह्यासाठी साऱ्या गावाशी वाकडं घेतलं वयनी. मी पाठ फिरवीन. त्याईनं शिकवलं तशीच."

मी तिला शहाणपणाच्या चार गोष्टी सांगितल्या, रागावले, शेवटी रडलेसुद्धा. ती हलली नाही. ओटी बांधून पातीत जाऊन उभी राहिली. त्या दिवशी तिने एकही पद म्हटलं नाही. तेव्हा मला तिचा भयंकर राग आला होता. आज त्या रागाची लाज वाटते, आणि माझ्यापेक्षा वर्षाने लहान पोरीला ते कळलं याचा अभिमान वाटतो. पण खरं सांगायचं तर, तेव्हा मी माघार घेतली नाही. मी परत मास्तरांकडे गेले आणि म्हटलं, "तिथं आलं का तुमी बोटं उचला. पेटी वाजवूच नका. मंग पाहू."

मास्तर घाबरले. "अन् ते नाही गायली तर? सुनं राहीन ना सारं."

"राहू द्या सुनं," मी म्हटलं. मॅट्रिक झालेल्या बाईचा तोरा होता तो, दुसरं काही नाही.

त्या वर्षी पहिला खेळ दुपारचा ठेवला होता, बाजाराच्या दिवशी, म्हणजे बायकांना येता यावं. कापसाच्या गंजीसमोरच्या मोकळ्या जागेत चार गाड्या जोडून त्यावर फळ्या टाकल्या होत्या. मागे सतरंज्यांचा पडदा. सकाळी बुवांनी स्वतः इंदूच्या तोंडाला सफेदा लावला. स्वतःचं राणीचं पोलकं त्यांनी तिला दिलं, ते तिला एवढं मोठं झालं की त्यात आम्ही दोघी मावलो असतो. सासूबाईंनी पाठीमागून टाके घालून ते आवळलं. बुवांच्या बांगड्या तिच्या मनगटातून गळून पडायच्या, मग त्या सुतळीने बांधल्या. बुवा पाहत राहिले. त्यांनी मिशी वाढवायला सुरुवात केली होती, ती अजून नीट आली नव्हती, आणि ते सारखा वरच्या ओठावर हात फिरवत होते. "भ्याचं नाही," ते तिला म्हणाले. "भेव वाटलं का मले पाहाचं. मी पुढंच बसून राह्यतो."

ऊन लख्ख होतं. बायकांची ही गर्दी. आसपासच्या तीन गावांच्या आल्या होत्या, कडेवर पोरं, डोक्यात अजून कापसाचे तंतू. पुरुष मागे उभे. कारंज्याहून आलेले कंपनीचे मालक खुर्चीवर, शेजारी खाली घोंगडीवर बुवा, कारण त्यांना खुर्चीवर बसवेना. मी मास्तरांच्या बाजूला, विंगेत म्हणायचं तर, म्हणजे मागे पडद्याच्या कडेला, गाडीच्या चाकाशी.

इंदू आली आणि पहिल्या दोन पदांतच बायकांनी तिला आपली केली. तिच्या चालण्यात बुवा होते, मान वळवण्यात बुवा होते, आणि आवाज मात्र तिचा एकटीचा. मला बरं वाटायला हवं होतं. पण वनातलं पद जवळ येऊ लागलं होतं. मी काय करून बसले होते? सुनं राहिलं तर तिची फजिती. गायली तर बुवांची. आणि दोन्हीचं पाप माझ्या माथी.

'सांग सये कुणी नेला.' खालून, रडवेलं. समोर पदर डोळ्यांना जाऊ लागले. दुसऱ्यांदा ती चढू लागली. 'माझ्या दारीचा,' आणि ती वळली. पाठ प्रेक्षकांकडे, मान किंचित खाली, उजवा हात पदरावर. जशी शिकवली तशी. मास्तरांनी बोटं उचलली.

पेटी थांबली. एवढ्या माणसांत नुसतं एका पोराचं रडणं ऐकू येत होतं. इंदूचा चेहरा माझ्याकडे होता. तिने आधी मास्तरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सगळं ओळखलं. मी हात जोडले. खरंच जोडले, गाडीच्या चाकाआड. तिचे डोळे भरून आले, राग होता की काय होतं मला आजवर ठरवता आलं नाही. मग तिने डोळे मिटले आणि पाठ तशीच ठेवून, मान तशीच खाली ठेवून, 'उजेड' गायला.

तिने बुवांची पाठही राखली आणि सूरही सोडला नाही. तिला तेवढाच मार्ग दिसला असावा.

लोकांना काही समजलं नाही. बायका इकडे-तिकडे बघू लागल्या, आवाज कुठून आला म्हणून. पेटीतून? पडद्यामागून? राणी तर पाठमोरी. कारंज्याचे मालक खुर्चीतून अर्धे उठले. आणि इंदू वळून पुढची ओळ धरणार, तेवढ्यात घोंगडीवरून बुवा उठले. कंबरेला हात लावून, एका बाजूला झुकत, गाडीपाशी आले.

"थांब पोरी," ते म्हणाले.

नाटक थांबलं.  "चुकली मी बुवा," इंदू तिथूनच म्हणाली.

"तू नाही चुकली." बुवांनी गाडीच्या दांडीचा आधार घेतला आणि लोकांकडे तोंड केलं. आवाज मोठा होता त्यांचा, वीस वर्षं विनामाईक गायलेला. "आयका वो बायाहो. हा सूर माह्या गळ्यात कधीच नोता. म्हनून मी पाठ फिरवत होतो, अन् मास्तर पेटी वाजवत होते. तुमी रडत होत्या, अन् मले तिकडे तोंड करून लाज वाटत होती."

 सोनाजीबुवांच्या बायकोने पहिल्या रांगेत कपाळाला हात लावला होता, पण तिच्या चेहऱ्यावर मला लाज दिसली नाही. नवऱ्याकडे ती जसं पाहत होती तसं पाहायला मला पुढे पुष्कळ वर्षांनी जमलं.

मग ते इंदूकडे वळले. "तुले काहून पाहिजे पाठ? तोंड दाखव लोकाईले. मास्तर, बोटं वरच ठेवा." आणि पुन्हा बायकांना म्हणाले, "वीस वर्सं तुमाले अर्धच गानं आयकवलं मी. आता पुरं आयका."

इंदूने डोळे पुसले. सफेदा गालावरून ओघळला होता, बांगड्यांची सुतळी सुटली होती. ती दोन पावलं पुढे आली, फळीच्या अगदी काठावर, आणि तोंड सगळ्या लोकांकडे करून तिने ते पुरं गायलं.